बोर्डावरचं सहावं बोट

बेबीताईच्या उजव्या हाताला जन्मापासून सहा बोटं. करंगळीच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला, मोठ्या शेंगेला बारकी शेंग चिकटून यावी तसं ते सहावं बोट आलेलं. त्याला नख होतं, पण ते वाकत नव्हतं आणि हलतही नव्हतं. तिच्या जन्माच्या वेळी सुईणीने सांगितलं होतं की बोटाला घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधा, चार-आठ दिवसांत वाळून गळून पडतं. गावात घोडा नव्हता. म्हणून बोट राहिलं.

शाळेत पोरी तिला सहाबोटी म्हणायच्या. पाहुणे पाहायला आले तेव्हा आईने तिचा उजवा हात पदराखाली दडवायला लावला. पुंजाजीला ते बोट लग्नानंतरच दिसलं. त्याने हात उजेडात धरला, बोटं मोजली आणि विचारलं, "हे एक कायचं?"

"माहंच हाय," ती म्हणाली.

"मंग राहू दे," पुंजाजी म्हणाला, आणि त्यानंतर त्या घरात त्या बोटाचा विषय निघाला नाही.

तिला मात्र एक खोड कायमची लागली. माणूस भेटला की तिची नजर आधी त्याच्या हातावर जायची, मग तोंडावर. बसमधला कंडक्टर असो, बुद्धवंदनेला आलेले भंतेजी असोत की बाजारातला कांदेवाला, बेबीताई मनातल्या मनात बोटं मोजायची. सगळ्यांची पाच निघायची. पन्नाशी आली तरी सहावं तिला कुणाच्या हातावर सापडलं नव्हतं.

मंगरूळपीरला 'शिवारसाथ बहुउद्देशीय संस्था' आहे. तिथे प्रशिक्षण असलं की स्वयंपाक बेबीताईचा, हे ठरलेलं. शेलूबाजारच्या रस्त्यावरच्या आपल्या गावातून ती सकाळच्या बसने यायची आणि भाकरी, आलूवांग्याची भाजी, वरण-भात करून संध्याकाळी परत जायची. संस्था चालवायचे धनराज सर. बचत गट, शेततळी, गांडूळखत, मुलींचं आरोग्य, शिलाई मशीन असं सगळंच संस्थेकडे होतं, आणि सगळंच असल्यामुळे संस्था नेमकं काय करते हे तालुक्यात कुणाला सांगता यायचं नाही. जुन्या बोर्डावर उगवता सूर्य, नांगर, पुस्तक, हातपंप, गाय आणि एका कोपऱ्यात कॉम्प्युटर होता.

संस्थेला मदत करणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या निता मॅडमनी तो बोर्ड पहिल्यांदा फोनवर पाहिला. त्यांनी एकेक चित्र मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "सर, तुमचं काम चांगलं आहे, पण तुम्ही लोकांना दिसत नाही. तुम्हाला ब्रँड हवा. एक चिन्ह. एकदा पाहिलं की विसरता येऊ नये असं."

धनराज सर सतीशकडे गेले. सतीशचं बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, श्रद्धांजली, आमदारांचं स्वागत, सगळं तोच छापायचा. त्याने चहा येईपर्यंत मोबाइलवर एआयला सांगितलं की शेतकऱ्याच्या हातात हिरवं रोपटं पायजे. चहा आला तेव्हा हात तयार होता. सावळा, राबलेला, तळव्यावर माती, मातीतून दोन पानं वर आलेली. धनराज सरांना तो इतका आवडला की त्यांनी तिथूनच तो पुण्याला पाठवला. पुण्याहून मंजुरी आली. मग तो हात गेटवरच्या बोर्डावर चढला, जीपच्या दारावर चढला, टोप्यांवर, कापडी पिशव्यांवर, टी-शर्टांवर गेला. कुणी बोटं मोजली नाहीत. हाताची बोटं कोण मोजतं?

पुढच्या प्रशिक्षणाला बेबीताई बसमधून उतरली आणि गेटसमोर थांबली. तिने मोजलं. पिशवी खाली ठेवून पुन्हा मोजलं. मागून येणारे लोक तिला ओलांडून आत गेले.  मग ती स्वयंपाकघरात न जाता थेट सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माहा हात लावला बोर्डावर, अन् मले सांगतलं बी नाई."

"कोनाचा हात?" सर कागदात मान घालून म्हणाले.

"माहाच. दुसरा कोनाचा असन? सहा बोटं हायत."

धनराज सर हसले. मग त्यांचं हसणं हळूहळू कमी होत गेलं. ते उठले, गेटवर गेले आणि मान वर करून, एक डोळा मिटून मोजू लागले. मग जीपवरचा हात मोजला. मग आत येऊन टोपी, पिशवी, टी-शर्ट. सगळीकडे सहा. बेबीताई तोवर समाधानाने भाजी चिरायला बसली होती.

सरांनी सतीशला बोलावलं. तो म्हणाला, "सर, एआय कधी कधी एखादं बोट जास्तीचं देते. बाकी हात कसा झकास आला पाहा ना."

"उद्या दुपारी पुण्याच्या मॅडम येनार हायत."

"मंग कापून टाकू. ऑइलपेंट मारला की काम झालं. जीपले स्टिकर लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सतीश रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला. बेबीताई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. "काहून कापता?" तिने विचारलं. सतीश वरूनच म्हणाला, "मॅडमले पसंत पडनार नाही, मावशी."  ती पीठ मळायला आत गेली.

निता मॅडम शिरपूरला जैन मंदिरात दर्शन करून दुपारी येणार होत्या, पण तिथे गर्दी नव्हती म्हणून लवकर निघाल्या. त्यांची गाडी गेटपाशी थांबली तेव्हा ब्रश बोटापासून वीतभर लांब होता.

"काय करताय?" मॅडमनी खालून विचारलं.

सतीशला खोटं पटकन सुचायचं नाही. "बोट कमी करून राह्यलो, मॅडम."

"कुणाचं?"

धनराज सर तोवर धावत आले होते. त्यांचं तोंड उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं आणि त्यातून आलं, "बेबीताईचं."

मॅडमनी बोर्डाकडे पाहिलं आणि बोटं मोजली. "म्हणजे हा खरा हात आहे? कुणाचा तरी?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. बेबीताईला बोलावलं गेलं. ती पिठाच्या हातानेच आली. मॅडमनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, पिठासकट, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"आणि तुम्ही हे बोट पुसायला निघाला होतात, सर?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांसारखं दिसावं म्हणून?"

धनराज सरांनी मान खाली घातली. त्या क्षणी तेवढंच करण्यासारखं होतं. शिडीवर सतीशनेही घातली.

त्या दिवसापासून संस्थेचे दिवस पालटले. मॅडमनी पुण्याला जाऊन सहाव्या बोटाचं तत्त्वज्ञान तयार केलं. पाच बोटं म्हणजे माती, पाणी, बियाणं, आरोग्य आणि शिक्षण; सहावं बोट म्हणजे ती स्वतः. 'ती' म्हणजे कोण हे बैठकीत एका बाईने विचारलं, तेव्हा सरांनी सगळ्यांनीच विचार करावा असं सांगितलं. पुण्याहून एक जाड पुस्तक आलं. हाताचा रंग कसा असावा, तो किती तिरका धरावा, सहाव्या बोटाभोवती किती मोकळी जागा सोडावी, हे सगळं त्यात चित्रांसहित होतं.

मग फोटो काढायला माणूस आला. अडचण अशी झाली की बोर्डावरचा हात डावा होता आणि त्याचं जास्तीचं बोट मधल्या दोन बोटांच्या मध्ये होतं. बेबीताईचा हात उजवा आणि बोट बाहेरच्या अंगाला. फोटोवाला पुस्तकात पाहायचा, हाताकडे पाहायचा आणि पुन्हा पुस्तकात पाहायचा.

"ताई, ते बोट थोडं आत घेता येईल का?"

"ते जागचं हालत नाई," बेबीताई म्हणाली. "आमच्या मालकासारखं हाय."

पुंजाजी बाजूलाच खुर्चीवर बसला होता. तो हालला नाही.

शेवटी फोटो आरशातल्यासारखा उलटा फिरवला. हात डावा झाला, पण पदरही दुसऱ्या खांद्यावर गेला. गावातल्या बाया फोटो पाहून विचारायच्या, "बेबीताई, पदर उलटा काहून घेतला व?" ती म्हणायची, "पुण्यात तसाच घेतात."

बचत गटांना नवा नमस्कार शिकवला. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताचं एक, अशी सहा दाखवायची. संस्थेची जीप रस्त्याने दिसली की बाया सहा बोटं वर करायच्या, आणि मागून येणारा ऑटोवाला सहा सीट समजून करकचून ब्रेक मारायचा. अशी दोन-तीनदा भांडणं झाली. मग ऑटोवाल्यांनाही तत्त्वज्ञान समजावून सांगावं लागलं.

एके दिवशी मानोऱ्याकडच्या तांड्यावरून अमरसिंग नावाचा एक उंच माणूस आला. त्याने केबिनमध्ये येऊन टेबलावर दोन्ही हात ठेवले. दोन्हींना सहा-सहा बोटं.

"बाराही हालतात," तो म्हणाला, आणि हलवून दाखवली.

धनराज सरांनी बोटं मोजून घेतली. "फार छान. पन आमच्याकडं जागा एकच हाय, अन् ती भरली."

"मंग दुसरी शाखा काढा," अमरसिंग म्हणाला. त्याला घाई नव्हती. तो दर आठवड्याला येऊन संस्थेच्या अंगणातल्या निंबाखाली बसायचा. बेबीताई त्याला जेवायला वाढायची. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या हातावर तिला सहावं बोट भेटलं होतं, तेही एकदम दोन. ती वाढताना त्याच्या हातांकडे पाहत राहायची, आणि तो तिच्या. बोलायचे मात्र दोघं पाण्यापावसाबद्दलच.

मग कंपनीने बेबीताईचा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि इथून गाडी घसरली.

एव्हाना जगाला एक गोष्ट कळून चुकली होती, की हाताला बोटं जास्त दिसली म्हणजे फोटो मशीनने बनवलेला. फोटोखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. हाताला सहा बोटं, पदर उलटा, चेहरा जरा जास्तच शांत. ही बाई खोटी आहे. कंपनीला खरी गरीब बाई सापडली नाही का? एकाने तर बेबीताईच्या कानातल्या फुलांवर गोल काढून दाखवलं की अशी फुलं अस्तित्वात नसतात. ती तिने कारंज्याच्या बाजारातून घेतलेली होती.

मुलगा संघदीप घरी हे सगळं मोबाइलवरून वाचून दाखवत होता. "आई, तू नाहीस म्हनतात."

पुंजाजी जेवत होता. त्याने ताटाकडे पाहिलं. "मंग भाकरी कोन करून राह्यलं?"

कंपनीत गोंधळ उडाला. बेबीताई आहे की नाही हे पाहायला बादल नावाचा एक तरुण अधिकारी मंगरूळपीरला आला. शांत, आदबशीर मुलगा. त्याने बेबीताईला नमस्कार केला आणि मोठ्या संकोचाने विचारलं, "मावशी, बोट जरा धरून पाहू का?"

"पाय ना बाप्पा," ती म्हणाली.

त्याने धरलं, हलकंसं ओढलं. आलं नाही. त्याने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर चार-पाच माणसं एका मोठ्या टेबलाभोवती बसलेली दिसली. त्यांतला एक म्हणाला, "ताई, सहावं बोट जरा हलवून दाखवा."

"ते हालत नाई."

टेबलाभोवतीच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.  धनराज सरांना एकदम अमरसिंग आठवला. तो निंबाखालीच होता. त्यांनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि कॅमेऱ्यापुढे उभं केलं. "हे पाहा साहेब, आपल्या भागात असं असते. याले तं बारा हायत, अन् बाराही हालतात."

अमरसिंगने हलवून दाखवली.  पुण्याकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता हे जास्तच होतंय."

बादल त्या दिवशी जेवून गेला. त्याने अहवालात लिहिलं की श्रीमती बेबीताई अस्तित्वात आहेत आणि जेवण उत्तम करतात. कंपनीने अहवाल वाचला आणि मान्यही केला. पण वरिष्ठांचं म्हणणं पडलं की प्रश्न त्या खऱ्या आहेत की नाहीत हा नाही, खऱ्या वाटत नाहीत हा आहे. तेव्हा फोटो खरा वाटावा म्हणून त्यातलं एक बोट काढून टाकावं. जमलं तर पदरही सरळ करावा.

सतीशने दोन्ही केलं. नवा बोर्ड लागला.

बेबीताई बसमधून उतरली आणि गेटसमोर थांबली. बोर्डावर ती होती. पदर जागच्या जागी होता. हात पुढे केलेला, आणि हाताला पाच बोटं. लहानपणी पाटीवर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची तेव्हा ती करंगळीला वळसा घालून सहावं सोडून द्यायची. तसाच हा हात, नीटनेटका. तिला आनंद होईल असं कुणालाही वाटलं असतं. तिलाही क्षणभर वाटलं. ती आत गेली.

"सर, हा हात कोनाचा?"

"तुमचाच, ताई. थोडा दुरुस्त केला."

"माह्या हाताले काय झाल्तं?"

धनराज सर मुळात वाईट माणूस नव्हते. एवढे दिवस एक गोष्ट ते गिळून बसले होते आणि त्यांना आता ती पेलवेना. त्यांनी बेबीताईला बसायला सांगितलं आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या बोर्डावरचा हातही तिचा नव्हता. तो कुणाचाच नव्हता. मशीनने चुकून एक बोट जास्तीचं काढलं, आणि मॅडम समोर आल्या तेव्हा तोंडातून तिचं नाव निघून गेलं.

बेबीताई बाकावर बसून राहिली. बाहेर ट्रेनिंगला आलेल्या बाया गाणं म्हणत होत्या.

"म्हंजे ते चुकून झाल्तं," ती म्हणाली.

"हो."

"मले वाटलं, कोनी तरी पाह्यलं."

 सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने घेतला, रिकामा केला आणि परत ठेवला.

"तोंड ठेवायचं तं ठेवा, सर," उठताना ती म्हणाली. "कंपनीचं काम हाय, तुमाले अडचन नको. पन हा हात काढा. माहा नाई तो. माहा हात माह्यापाशी राहू द्या."

त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्त पडलं. 

धनराज सरांनी पुण्याला कळवलं. मॅडमना वाईट वाटलं; त्यांनी फोनवर बेबीताईची माफीही मागितली. मग त्यांनी ठरवलं की आता हात नको, चिन्ह नको, पुस्तक नको. साधं ठेवू. फक्त चेहरा, भरपूर मोकळी जागा आणि एक ओळ. ओळ त्यांनीच लिहून पाठवली. सतीशने नेहमीच्या हाताने चेहरा गोलात बसवला, मागे फिकट आकाशी रंग दिला, आणि खाली ठळक अक्षरांत छापलं: 'बेबीताई. सदैव आमच्या सोबत.'

असे फ्लेक्स मंगरूळपीरच्या चौकात आणि कारंजा लाडच्या बसस्टँडवर एकाच दिवशी लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. रस्त्याने पांढऱ्या कपड्यांतली माणसं येताना दिसली. पुढे तिचा भाऊ धम्मपाल, कारंज्याला शिलाईचं दुकान चालवणारा. मागे वहिनी आणि बेबीताईच्या माहेरच्या आणखी दोघी-तिघी. वहिनीने गावात शिरल्यापासूनच रडायला सुरुवात केली होती आणि तिचे डोळे पदरात होते. धम्मपाल ओट्यापाशी येऊन थांबला आणि बेबीताईकडे पाहत राहिला.

सूप हातात तसंच धरून तिने विचारलं, "कोन गेलं रे?"

"तू," धम्मपाल म्हणाला.

"मी कुठं गेली?"

"बसस्टँडवर तुहा फोटो लागला ना. सदैव आमच्या सोबत लिह्यलं. मी दुकान बंद करून आलो." त्याच्या आवाजात थोडी नाराजी होती. "फोन बी कोनी उचलला नाही."

"संघदीप घेऊन गेला फोन. तू बस ना."

वहिनीला मात्र थांबता येईना. रडणं एवढं भरात आलं होतं की समोर नणंद दिसली तरी ते आटोपेना. उलट ती बेबीताईच्याच गळ्यात पडून बेबीताईसाठी रडू लागली, आणि बेबीताई तिच्या पाठीवरून हात फिरवत, "उगी, उगी, असं कसं झालं बाई," म्हणत राहिली. शेजारच्या बाया गोळा झाल्या. त्यांतल्या दोघींनी चौकातला फ्लेक्स पाहिलेला होता, पण बेबीताई सकाळीच नळावर दिसली होती म्हणून त्यांनी विचारायचं टाळलं होतं.

एवढ्यात पुंजाजी शेतातून आला. त्याला दुरूनच आपल्या घरासमोर गर्दी दिसली. पांढरे कपडे दिसले, सासरची माणसं दिसली. त्याने कुणालाही काही विचारलं नाही. तो रस्त्याच्या कडेला, होता तिथेच, मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात बेबीताईने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काय झालं?" तिने विचारलं.

पुंजाजीने वर पाहिलं. बराच वेळ तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने बाहीने नाक पुसलं.

"काही नाई," तो म्हणाला. "पावने आलेले दिसतात."

बेबीताईने आत जाऊन मोठं पातेलं काढलं. वहिनी हुंदके देत देत तिच्यासोबत लसूण सोलायला बसली. पिठलं झालं, भाकरी झाल्या, मिरच्यांचा ठेचा झाला. धम्मपालची नाराजी दुसऱ्या भाकरीला गेली, आणि तिसऱ्या भाकरीला तो सांगू लागला की फ्लेक्सवर तू बरी दिसतेस, पण तो आकाशी रंग नको होता. दुपारची बस निघून गेली. संध्याकाळची कुणी धरली नाही. वहिनी म्हणाली, आलोच हाओत तं दोन दिवस राहू, नाही तरी लोक विचारतील लवकर कशा आल्या म्हणून. बेबीताईने माळ्यावरच्या सतरंज्या काढून अंगणात झटकल्या.